तांदळातलं नाव

देव्हाऱ्यासमोर बसून धोंडुबाईंनी "नंदा" अशी हाक मारली, की फराकट्यांच्या घरात दोघी वळायच्या. एक पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. दुसरी दिसायची नाही. पण शहाबादी फरशीवर तिच्या जोडव्यांचा टिक् टिक् आवाज व्हायचा आणि मधल्या दारापाशी येऊन थांबायचा.

जी यायची तिचं नाव नंदा नव्हतं. आणि जिचं नाव नंदा होतं, ती राजनंदिनी, बारा वर्षांमागं डेंगीच्या तापानं चार दिवसांत गेली होती. मागं नवरा आदर्श, सासू धोंडुबाई आणि दोन वर्षांची सौंदर्या.

जी यायची ती मनमाया. नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरावरची. नऊ वर्षांची असताना बापाचं बोट धरून कोल्हापुरात आली. बाप, थापा, राजारामपुरीच्या चार गल्ल्या शिट्टी वाजवत राखायचा, आणि लेक पालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. बोलायला लागली की अस्सल इथली. डोळे तेवढे डोंगरातले. पुढं आदर्शच्या दुकानात काजू निवडायला लागली. दुकान आजऱ्याच्या काजूचं. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा करायचा. आईविना पोर दिवसभर दुकानात असायची, ती हिच्या मांडीवर झोपायला लागली. पोरीनं आधी आई केली आणि मग बापानं बायको केली, असं गल्लीत म्हणत.

लग्न घरातल्या घरात झालं. नवरीचं नाव बदलायची वेळ आली. ताटात आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पसरला होता, सुगंध सुटला होता. आदर्शनं हातातली अंगठी काढली आणि विचारलं, "मनमायाचं नुसतं माया करूया का?"

धोंडुबाई म्हणाल्या, "माया नगो बाबा. जलमभर कीर्तनं ऐकली. बुवा सांगून सांगून दमले, माया सोडा, माया सोडा. आणि मी तिला वरात काढून घरात घिऊ व्हय?"

माणसं हसली. मनमायाही हसली.

"मग काय लिव्हू?"

धोंडुबाईंनी ताटातले तांदूळ तळव्यानं सारखे केले. मग म्हणाल्या, "नंदाच लिव्ह. पोरीच्या दाखल्यावर आईचं नाव राजनंदिनी हाय. नावावर नाव बसंल, कागुद बदलाय नगोत. आणि माझ्या तोंडातबी तेच बसलंय."

आदर्शनं पुरं 'राजनंदिनी' लिहिलं. 'दि' लिहिताना अंगठी जरा अडखळली, ते मनमायानं पाहिलं. त्याच तांदळाची खीर झाली आणि नव्या नवरीला पहिली वाटी दिली. पुढं कितीदा तरी तिच्या मनात यायचं, की ते नाव आपण खाल्लं. खाल्लेलं नाव बाहेर कसं काढायचं?

सासूनं तिच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. पहिली वारली आणि दुसरी आली, तर पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, म्हणजे सवत रुसत नाही, अशी रीत. टाकावर बाईची उभी आकृती, हात जोडलेली, नाकडोळे नसलेली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, सणाचा घास आधी टाकाला दाखवायचा. मनमायानं सगळं मनापासून केलं. तिला त्या बाईचा राग नव्हता. जिचं लेकरू आपल्याला आई म्हणतं, तिचा राग कसा येईल? पण भीती वाटायची. उन्हाळ्याच्या काहिलीतही तो टाक गळ्याशी गार लागायचा, जसं कुणी ओलं बोट टेकवून ठेवावं.

जोडव्यांचा आवाज तिला पहिल्यांदा आपलाच वाटला होता. फरशी जुनी, बोलकी. पण एकदा ती भाकरी थापत पाटावर बसलेली असतानाही तो आवाज मधल्या दारापर्यंत आला. तिनं मान वर केली नाही. भाकरी मात्र करपली.

*

लग्नानंतर एकदा मतदार यादी तपासायला अंगणवाडीच्या बाई घरोघर फिरत होत्या, तेव्हाची गोष्ट. मनमाया दुकानात होती. बाईंनी धोंडुबाईंना विचारलं, "राजनंदिनी आदर्श फराकटे, ह्या इथंच असत्यात न्हवं?"

"हाय की. दुकानात गेलीया."

"फोटू लई काळा पडलाय. नवा असला तर द्या."

धोंडुबाईंनी डब्यातून मनमायाचा फोटो काढून दिला. त्यांच्या मनात पाप नव्हतं. नंदाचं नाव त्यांनी कुठूनच कमी करू दिलं नव्हतं, ना रेशनवरून, ना यादीवरून. मृत्यूचा दाखला सुद्धा देव्हाऱ्याखालच्या खणात, कापडात बांधून ठेवलेला. सून एकच, मधी जरा आजारी पडली आणि पुन्हा उठली, असंच काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग निवडणूक आली, घरात चिठ्ठ्या आल्या. मनमायाच्या हातातल्या चिठ्ठीवर तिचाच फोटो आणि तांदळात लिहिलं होतं तेच नाव. तिला काय कळणार? लग्नात नाव दिलं, आडनाव दिलं, घर दिलं. देश वेगळा मागावा लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळेच्या खोलीत टेबलामागच्या माणसानं मोठ्यानं वाचलं, "चारशे बारा. राजनंदिनी आदर्श फराकटे." खोलीत उकाडा होता, पण गळ्याशी टाक गार पडला. तिनं बोट पुढं केलं, तेव्हा तिला वाटलं, हे बोट मी पुढं केलं नाही. कुणीतरी मनगट धरून पुढं केलंय. शाईची रेघ ओढली गेली. घरी आल्यावर धोंडुबाईंनी ते बोट हातात घेऊन पाहिलं आणि डोळ्यांना लावलं. "माझ्या सुनेनं मत दिलं."

दुसऱ्या निवडणुकीलाही असंच झालं. बाकीच्यांची शाई महिन्या-दीड महिन्यात गेली. मनमायाचीही गेली. तरी काजू निवडताना पांढऱ्या पाकळ्यांवर बोट फिरलं, की तिला त्या नखाशी एक बारीक काळी सावली दिसायची. सौंदर्याला विचारलं तर ती म्हणायची, "आई, कुठं काय हाय?"

*

यंदा थापा म्हातारपणाला गावाकडं गेला आणि तिकडंच संपला. भूकंपात पडलेलं घर त्यानं पुन्हा बांधलंच नव्हतं. म्हणजे मनमायाला परत जायचं म्हटलं तर दारच नव्हतं. इकडं याद्यांची पुन्हा तपासणी व्हायची बोलणी सुरू होती. आईबाप कुठं जन्मले ते विचारणार म्हणे. आदर्श म्हणाला, "तुझं एकदा पक्कं करून टाकू." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, नागरिकत्वाचा अर्ज करता येत होता. तो भरायला दोघं नुजहत वकिलीणबाईंकडं गेली. सहाव्या गल्लीत क्लासच्या वर त्यांची खोली. खालून पोरांच्या पाढ्यांसारखी घोकंपट्टी ऐकू यायची.

नुजहतनं प्रतिज्ञापत्र भराभर वाचलं. "...आणि मी आजवर भारतातील कोणत्याही मतदार यादीत नाव नोंदविलेले नाही व मतदान केलेले नाही. हाय न्हवं बरोबर, वहिनी? करा सही."

मनमायाचं पेन थांबलं. "दोनदा केलंय की."

"काय केलंय?"

"मत."

नुजहतनं तिच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि टोपण लावलं. मग सगळी हकीकत ऐकली.

आदर्श म्हणाला, "बाई, त्ये नाव हिचं न्हवंच. त्ये नंदाचं. हिच्या नावानं कुठं काय न्हाय. मग लिव्हलंय त्येच खरं की."

"आणि फोटू कुणाचा?"

"फोटू हिचा."

"म्हंजे नाव मेलेल्या बाईचं आणि तोंड जित्या बाईचं. आदर्शभाऊ, ह्याला कायद्यात काय म्हणत्यात म्हाईत हाय?"

"काय म्हणत्यात?"

"नेमकं मलाबी बघाय लागंल. पण चांगलं काय म्हणत नसणार."

आदर्श कसनुसा हसला. मनमाया हसली नाही. "केस हुईल?"

"हुईल न्हाईतर न्हाई हुणार. पण तुमी खोट्यावर सही केली आणि उद्या कुणी दोन कागुद शेजारी ठेवले, तर अर्ज गेला म्हणून समजा. आणि परत करू द्यायचे न्हाईत." नुजहत जरा पुढं झाली, आवाज खाली आणला. "वहिनी, माझं ऐका. त्यांनी सापडवायच्या आधी आपण सांगायचं. राजनंदिनीताईंचा मृत्यूचा दाखला जोडायचा, यादीतनं नाव कमी करायचा अर्ज घरच्या मतदारानं द्यायचा, आणि तुमी लिहून द्यायचं, असं असं अजाणता झालं. दाखला हाय न्हवं?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. दाखला होता. पण त्यावर धोंडुबाई बसल्या होत्या.

*

"न्हाय," धोंडुबाई म्हणाल्या. हातातली माळ थांबली नाही.

"आई, हिला पोलिसात न्हेतील," आदर्श म्हणाला.

"कोण न्हेतंय बघू. माझ्या दारात येऊन न्हेऊ दे. पर नंदाचं नाव खोडायचं न्हाय. एकदा मी तिला तिरडीवर बघितली. आता तांबड्या शाईनं परत मारू?"

 मनमायानं रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं. मळता मळता मनात हिशेब एकच: यादीत जी आहे ती मेलेली, आणि जी जिवंत आहे ती कुठल्याच यादीत नाही. मग ह्या घरात नेमकं भूत कोण?

त्या दिवशी तिनं पायातली जोडवी काढली आणि पिठाच्या डब्यामागं लपवली. सवाष्णीनं असं करू नये, हे ती जाणत होती. पण तिला एकदा खात्री करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अनवाणी, बिनजोडव्यांची, मधल्या दारापासून लांब बसून राहिली. धोंडुबाईंनी देव्हाऱ्यापुढून हाक मारली, "नंदा, वात संपलीया गं."

टिक्. टिक्. टिक्. आवाज आला आणि दारापाशी थांबला.

मनमायानं वाती नेऊन दिल्या. पाय निऱ्यांखाली झाकून घेतले. सासूनं पाहिलं की नाही, कळलं नाही.

*

त्याच आठवड्यात गल्लीतल्या दत्ताच्या देवळात सप्ताह बसला. रोज चार वाजता कीर्तन. धोंडुबाईंना कीर्तन म्हणजे जेवण. एक वेळ पोळी चुकली तरी चालेल. मनमायाला त्या बरोबर न्यायच्या, आणि तिलाही टाळ सुरू झाला की अंग हलकं व्हायचं. भाषा कुठलीही असो, टाळाला देश नसतो.

बुवा आजऱ्याकडचे, काळेसावळे, आवाज पितळेसारखा. त्या दिवशी त्यांनी नाम घेतलं होतं निरूपणाला. वीणा गळ्यात सावरत म्हणाले, "देव मोठा हाय, पर नावानं बांधला जातोय. दोरखंडानं न्हाय, साखळीनं न्हाय. नुसत्या हाकंनं. हाक मारली की त्याला वळावं लागतंय. खरं का न्हाय, माउली?"

"खरं," धोंडुबाई सगळ्यांच्या आधी म्हणाल्या.

"मग ऐका. एक म्हातारी हुती. ल्योक मोठ्या वाटंला गेला. ही काय सोडंना. रोज सांजंला उंबऱ्यावर बसायची आणि त्येच्या नावानं हाक मारायची. बारा वर्सं मारली. एक दिवस ल्योक सपनात आला. म्हातारी म्हणाली, आलास बाबा? ल्योक म्हणाला, आलो न्हाय. गेलोच न्हाय. दोन पावलं पुढं टाकली की तू हाक मारतीस, मला वळावं लागतंय. वळून वळून माझी मान दुखाय लागली गं आई."

मंडपात हशा पिकला. बुवाही हसले. मग त्यांनी टाळ उचलला आणि एकदम हळू आवाजात नामाचा गजर सुरू केला, आणि हसणारी माणसं कधी गप्प झाली ते त्यांनाच कळलं नाही.

मनमायानं शेजारी पाहिलं. धोंडुबाई टाळ्या वाजवत नव्हत्या.

वाटेत त्या चिडून म्हणाल्या, "बुवास्नी काय जातंय सांगाय. त्यांचं कुणी गेलंय व्हय?" आणि मनमायाला मागं टाकून झपझप चालू लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मनमाया अंगण झाडून पायरीवर पाय धूत होती. धोंडुबाई तुळशीला पाणी घालायला आल्या आणि त्यांची नजर तिच्या पायांवर अडली.

"जोडवी कुठं गं?"

मनमाया गडबडली. "काढून ठेवलीत, आत्ती."

"कवा?"

"आठ दिस झालं."

धोंडुबाईंच्या हातातला तांब्या कलला. पाणी तुळशीत न जाता कट्ट्यावर सांडत राहिलं.

"मग आठ दिस मी ऐकत्या ती कुणाची?"

 इतकी वर्षं मनमायाला वाटत होतं की आपल्यालाच ऐकू येतं. आपण परक्या, म्हणून आपल्यालाच. तिनं सासूचा हात धरला. "तुमास्नीबी येतंय?"

"रोज येतंय. मला वाटायचं तूच."

दोघी आत आल्या. सौंदर्या शाळेला, आदर्श दुकानात. घर रिकामं होतं. धोंडुबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या. मनमाया त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. म्हातारीनं ओठ ओले केले आणि हाक मारली. नेहमीसारखी खणखणीत नाही. तापातल्या लेकराला जागं करावं, तशी.

"नंदा."

टिक्. टिक्. स्वयंपाकघराकडून निघाला आवाज. घाई नव्हती. पाय ओढत येणाऱ्या माणसाचा असावा तसा. मधल्या दाराशी येऊन थांबला. दारात ऊन पडलं होतं, त्यात धुळीचे कण तरंगत होते. बाकी काही नव्हतं.

धोंडुबाई त्या उन्हाकडं बघत राहिल्या. "दमलीस गं पोरी," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी, मला कळलंच न्हाय."

मग त्यांनी खण उघडला. कापडाची गाठ बारा वर्षांत घट्ट झाली होती, नखानं सुटेना. शेवटी मनमायानं दातांनी सोडवली. दाखल्याचा कागद पिवळा पडला होता. धोंडुबाईंनी तो उलगडला नाही. तसाच सुनेच्या हातात दिला.

*

निवडणूक कचेरीत सुनावणी लागली त्या दिवशी नुजहतही आली होती. खोलीत पंखा फिरत होता आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावरचे कागद दगडांनी दाबून ठेवलेले. नाव कमी करायच्या अर्जावर धोंडुबाईंची सही होती; आदर्शनं करतो म्हटलं, पण त्यांनी करू दिली नाही. "धरून मी ठेवली, सोडायचीबी मीच," म्हणाल्या.

शिपायानं दारात उभं राहून रिवाजाप्रमाणं पुकारलं. "राजनंदिनी आदर्श फराकटे, हजर हाय का?"

मनमाया आपसूक उठायला निघाली. अकरा वर्षांची सवय. धोंडुबाईंनी तिच्या मांडीवर हात दाबला.

"राजनंदिनी आदर्श फराकटे."

टाक गार झाला.

"राजनंदिनी आदर्श फराकटे, हजर हाय का?"

"न्हाय," धोंडुबाई उभ्या राहिल्या. आवाज फुटला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "न्हाय ती. गेली. बारा वर्सं झाली."

अधिकाऱ्यांनी दाखला पाहिला, यादीतला फोटो पाहिला आणि मनमायाकडं पाहिलं. "मग ह्या कोण?"

मनमायाला वाटलं, आता आपल्याला सांगावं लागणार. पण उत्तर सासूनं दिलं.

"ही माझी सून, सायेब. माया. फोटू मी दिला. हिचा काय दोष न्हाय. मला दोन सुना हुत्या, आणि मी एकच मोजत हुते."

बाहेरच्या दगडी जिन्यावरून आवाज गेला. टिक्, टिक्, टिक्, टिक्. ह्या वेळी मधे कुठं थांबला नाही. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला आणि मग रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात मिसळला. नुजहतनं दाराकडं वळून पाहिलं. "कुणी आलतं काय?" तिनं विचारलं. 

अधिकाऱ्यांनी मनमायाचा जबाब लिहून घेतला. दोनदा मत दिलं, तेही लिहिलं. "कारवाई करायची का ते वर ठरेल," ते म्हणाले. "पण स्वतःहून येऊन सांगितलं, हे मी ठळक लिहितोय." मग चारशे बाराव्या ओळीवर त्यांनी तांबडी रेघ मारली. धोंडुबाईंनी डोळे मिटले नाहीत. पुरी रेघ बघितली.

घरी आल्यावर त्यांनी मनमायाच्या गळ्यातला टाक स्वतः सोडला आणि देव्हाऱ्यात ठेवला. "हितं बस आता, बाई. दुसऱ्याच्या गळ्यात नगो." मग ताटात घनसाळ पसरला. अंगठी नव्हती; पोथी वाचणारं बोटच तांदळातून फिरवलं. अक्षरं वाकडी आली.

"वाच."

"माया," मनमायानं वाचलं.

"बुवा सोडा म्हणत्यात ती येगळी. ही धरायची."

*

वरून ताकीद आली, केस आली नाही. नव्यानं लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रात सगळं खरं होतं, दोन मतांसकट. त्यावर दोनदा चौकशी झाली. नऊ महिन्यांनी जिल्ह्याच्या कचेरीतून शपथेचं बोलावणं आलं. घरची सगळी गेली. सौंदर्यानं आईच्या केसात अबोली माळली.

हॉलमध्ये सातआठ माणसं होती. एकेकाचं नाव घेत होते. "मनमाया आदर्श फराकटे."

ती बसूनच राहिली. हाक आपली आहे हे कळायला वेळ लागला. मग सवयीनं तिनं मागं वळून पाहिलं, आणखी कोण वळलंय ते बघायला.

मागं भिंत होती, उघडं दार होतं, दारात दुपारचं ऊन होतं. तिनं कान दिला. काहीच आलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच ती चारचौघांतल्या हाकेला एकटी होती. आनंद झाला असं तिला लगेच म्हणता येईना.

"जा की गं, माया," धोंडुबाई मागून म्हणाल्या.

ती उठली. गुळगुळीत फरशीवर तिच्या पायातली जोडवी वाजली, तेवढीच.